उभा यजमान

पिंपातल्या कोबीनं एक बुडबुडा सोडला. गुळुक्.

घर इतकं शांत होतं की तेवढ्यानंही नेवेना दचकली, आणि तिचा हात आपोआप फोनकडे गेला. फोन गप्प होता. बाल्कनीच्या दाराशी ठेवलेलं निळं पिंप पुन्हा एकदा गुळकलं, तेव्हा तिला आपलंच हसू आलं. सासूबाई मागच्या आठवड्यात येऊन हिवाळ्याचा कोबी मिठाच्या पाण्यात भरून गेल्या होत्या. आता तो आंबायला लागला होता आणि मधूनच असा बोलायचा. लेन्का आतल्या खोलीत दुपारची झोपली होती. नवरा ओग्न्येन बोटीवर होता, डॅन्यूबच्या कुठल्याशा धक्क्यावर गहू भरत असेल. शनिवार होता. कुणाला काही उत्तर द्यायचं नव्हतं, तरी हात फोनकडे गेलाच.

सवयच तशी लावली होती विदोये साहेबांनी.

"कुठवर आलं?" एवढाच निरोप असायचा. सकाळी कॉफी संपायच्या आत एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा, मग पुन्हा. घरून काम असेल त्या दिवशी कॅमेरा दिवसभर चालू ठेवायचा. ऑफिसात असलं की ते खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. श्वास ऐकू यायचा त्यांचा. तिनं लिहिलेली एक ओळसुद्धा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाकीच्यांच्या कामात मिसळायची नाही. औषधांच्या दुकानांसाठी त्यांचं ऑफिस संगणक-प्रणाली बनवायचं. चिठ्ठीवरचा डोस आणि बाटलीवरचा डोस जुळतो का, ते पाहणारी. "इथे एक शून्य चुकलं तर म्हातारी बाई मरते," साहेब म्हणायचे. हे खरं होतं. पण बटणाचा रंग चुकला तरी ते तेवढ्याच गंभीरपणे हेच म्हणायचे.

"माणसाला पाठीवर डोळे नसतात ना," ऑफिसातला राश्को म्हणायचा, "म्हणून देवानं साहेब दिलेत."

उन्हाळा संपता संपता साहेबांना घरी बसवलं. लवकरची निवृत्ती, कागदावर सन्मानाची. त्याआधी वरच्या नव्या बाईंनी एकेकाला बोलावून, दार लावून विचारलं होतं, काय काय होतं ते मोकळेपणी सांगा. सगळ्यांनी सांगितलं. नेवेनानंही सांगितलं.

आणि आज संत दिमित्रीचा दिवस. विदोयेंच्या घरची स्लावा, बापजाद्यांपासून चालत आलेला घराच्या संताचा सण.

स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला ठाऊक आहे तो येतो, आणि एकदा आलेला माणूस दरवर्षी येतो. यजमानानं फोन करायचा नाही, आठवण द्यायची नाही. "येताय ना?" एवढं जरी तोंडातून गेलं तरी सणाची शोभा गेली. दरवर्षी ऑफिसातली सगळी मंडळी संध्याकाळी त्यांच्याकडे जमायची. वर्षातला हा एकच दिवस, की साहेब काही विचारू शकत नाहीत, म्हणून राश्को दारातूनच ओरडायचा, "यजमान, आज आम्ही उशिरा आलो, बोला काय करताय!"

फोन वाजला. राश्कोच होता.

"काय गं, तू जाणार नाहीस ना?"

"तू?"

"मी? वेडी आहेस का! एवढं सगळं बोलून झाल्यावर कुठल्या तोंडानं राकिया प्यायची?"

"खोटं तर बोललो नाही आपण."

"खरं बोललो, म्हणून तर तोंड नाही." मागे त्याच्याकडचा टीव्ही चालू होता. "जातील गं बाकीचे. मिलुतिन जाईल, जुना माणूस आहे. आपण दोघं नाही गेलो तर कळणारसुद्धा नाही."

"मिलुतिनशी बोललास?"

"नाही. पण तो जाणारच ना."

नेवेनानं फोन ठेवला. मिलुतिनही या घडीला कुणाला तरी हेच सांगत असेल, राश्को जाईल म्हणून. हे तिला स्वच्छ दिसलं.

जायला पाय उचलत नव्हता, ते वेगळ्या कारणानं. बाकीच्यांनी त्या बंद दाराआड शिव्या घातल्या, टिंगल केली, मन मोकळं केलं. तिनं फक्त एक दिवस सांगितला होता. लेन्काला ताप चढला होता तो दिवस. तिनं अर्धा दिवस सुट्टी मागितली, साहेब म्हणाले, आज नको, कॅमेरा चालू ठेव आणि हातातलं पुरं कर. ती दवाखान्याच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. शेजारी लेन्का, अंग निखाऱ्यासारखं. पोरीनं "आई" म्हणून हाक मारली, आणि तिनं पडद्यावरून नजर न उचलता म्हटलं, "थांब जरा." नंतर ताप उतरला, पोर हसायला-खेळायला लागली, विसरलीसुद्धा. ते दोन शब्द नेवेना मात्र विसरली नाही.

हे सगळं खरं होतं. आणि हेही खरं होतं, की बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा हात गंजले होते, कामाची सगळी हत्यारं बदलली होती, आणि वरची माणसं म्हणत होती, हिला आता किरकोळ काही तरी द्या. तेव्हा विदोयेंनी आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आणली. महिनेच्या महिने आणत राहिले. "यंत्र तक्रार करतंय ना, मग ती शेवटच्या ओळीपर्यंत वाच. घाबरायचं काय त्यात? तुझी सासू थोडीच आहे ती!" "दोष दुरुस्त करायला धावू नकोस. आधी तो पुन्हा घडवून बघ. हवा तेव्हा घडवता आला नाही, तर तो तुला कळलेलाच नाही." आणि दोषाची खबर कशी द्यायची, ते तर त्यांनी घोकूनच घेतलं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बस्स. त्यात राग घालायचा नाही, अंदाज घालायचा नाही.

साहेबांना सांभाळायचं कसं, ते मात्र ती स्वतःच शिकली. त्यांनी विचारायच्या आधी आपणच दोन ओळी कळवायच्या. कामाचे लहान लहान तुकडे करून अर्धंकच्चंच दाखवायचं, म्हणजे त्यांना धीर येतो. चार हुकूम एकदम आले तर विचारायचं, "यातलं आधी कोणतं, साहेब?" मग ते स्वतःच विचार करतात आणि दोन आपणहून गळतात. नव्या मुली तिच्याकडे येऊन हे शिकून जायच्या. "मांजराला कुठे खाजवायचं ते तुला बरोबर माहीत आहे," त्या हसायच्या. पण सांभाळायचं शिकलं म्हणून ओझं कमी होत नाही, नीट पेलता येतं इतकंच. तेही ती पेलून थकली होती.

लेन्का डोळे चोळत बाहेर आली. "आई, आपण कुठे जायचंय?"

नेवेनाच्या अंगावर आधीच बाहेरचे कपडे होते. कधी चढवले ते तिचं तिलाच आठवलं नाही.

"विदोये काकांकडे," ती म्हणाली.

वाटेत वाइनची बाटली घेतली, कॉफीचा पुडा घेतला. लिमान वस्तीतल्या उंच इमारतींच्या मधून वारा नदीवरून सरळ अंगावर येत होता. जिन्यातच भाजलेल्या मांसाचा आणि व्हॅनिलाचा वास आला. साहेबांचं दार नुसतं लोटलेलं होतं. या दिवशी कडी लावत नाहीत.

आत पाऊल टाकलं आणि तिला वाटलं, मागं फिरावं. दोन टेबलं जोडून एक लांब टेबल केलं होतं, त्यावर पांढरं कापड, कडेला इस्त्रीची घडी अजून ताठ. ताटल्या मांडलेल्या, पेले मांडलेले. सगळे कोरे. मधोमध मेणबत्ती जळत होती, अर्ध्यावर आलेली. आणि टेबलाच्या टोकाला, काळ्या सुटात, विदोये उभे होते. स्लावाला यजमान बसत नाही, पाहुण्यांची सरबराई करत उभा राहतो. इथे पाहुणेच नव्हते, तरी ते उभे होते, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"स्लावा सुखाची जावो, यजमान," ती म्हणाली.

"सुखाची जावो, सुखाची जावो! या. ही कोण मोठी बाई आलीय?"

"मी लेन्का," लेन्का म्हणाली. "मला केक आहे का?"

"आधी प्रसाद, मग केक. कामाचा एक क्रम असतो." त्यांनी उकडलेल्या गव्हाच्या गोड प्रसादाचं ताट पुढे केलं. "चमचा त्या ग्लासातून घे. हं. थोडाच. आता वापरलेला चमचा या पाण्याच्या ग्लासात. तिकडे नाही गं, इकडे. दांडा वर. असा."

"अहो, पोरीला खाऊ तरी द्या!" स्वयंपाकघरातून साहेबांच्या पत्नी रादमिलाकाकू ओरडल्या. "ऑफिस नाही हे!" त्या हात पुसत आल्या आणि त्यांनी नेवेनाला इतकं घट्ट कवटाळलं की बाटली दोघींच्या मध्ये अडकली. "ये गं बाई. चल, जरा मला ताटं भरू लाग."

मदत नको होती त्यांना. आत गेल्यावर त्यांनी दार अर्धं ओढून घेतलं.

"सकाळी पाद्री आले, शेजारचे डोकावून गेले. दुपारपासून हे खिडकीशी. फोन मी काढून घेतलाय, तिथे पिठाच्या डब्यामागे आहे. म्हणाले, राश्कोला फक्त विचारतो, वाट चुकला की काय. मी म्हटलं, दरवर्षी येणारा माणूस वाट चुकतो होय? आज कुणाला विचाराल तर मी निघून जाईन घरातून. तुमच्या वडिलांची स्लावा आहे ही." त्या ताटात सार्मे रचत होत्या, कोबीच्या पानांचे ते गुंडाळे एकावर एक, कितीतरी. "जन्मभर विचारत आलेला माणूस गं. आज गप्प राहतोय. मला बघवत नाही."

"येतील, काकू," नेवेना खोटंच म्हणाली.

त्या दोघी जेवायला बसल्या, लेन्का आणि ती, त्या लांबच लांब टेबलाच्या एका कोपऱ्यात. विदोये वाढत होते. मग सवयीनं ते येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. तिला दिसले नाहीत, पण खांदे आपोआप कानांपर्यंत चढले, हातातला काटा थांबला. तिनं ते लपवायचा प्रयत्न केला. त्यांना दिसलंच. दुसऱ्याच्या कामातली बारीकशी चूक ज्याला लांबून दिसते, त्याला हे कसं दिसणार नाही? ते टेबलाला वळसा घालून समोरच्या बाजूला गेले आणि तिकडे उभे राहिले.

"माझे आजोबा जमीनदाराकडे गडी होते," त्यांनी तिच्या पेल्यात वाइन ओतली. "दिमित्रीच्या दिवशी गड्यांचं वर्ष संपायचं. मालक जेवू घालायचा आणि म्हणायचा, जा आता, जिथे जायचं तिथे. मला जरा आधीच सोडलं, दिमित्रीपर्यंतसुद्धा थांबले नाहीत." हसले, पण ते हसू ओठांवरून पुढे सरकलंच नाही.

"साहेब, मला तुम्हाला काही सांगायचं..."

"आज साहेब नाही. यजमान म्हण."

"यजमान. त्या बाईंनी आम्हाला बोलावलं होतं, तेव्हा..."

"मला वाचून दाखवलं त्यांनी," विदोये म्हणाले. लेन्का केकमधले अक्रोड वेगळे काढून ताटलीच्या कडेला ओळीनं लावत होती. ते तिच्याकडे बघत बोलत होते. "तुम्ही जे जे बोललात ते टिपून घेतलं होतं. नावं नव्हती. बहुतेकांनी शिव्याच घातल्या होत्या. म्हातारं घुबड. जेलर. एकानं म्हटलं होतं, मानगुटीवरचा समंध."

"तो राश्को," नेवेनाच्या तोंडून निसटलं.

"ते मला कळलं गं. दुसरं कोण?" या वेळी ते खरं हसले. मग हसू मावळलं. "आणि एक होतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. राग नाही. अंदाज नाही. दवाखान्याचा बाक, ताप, कॅमेरा, सगळं क्रमानं. ती बाई वाचत होती आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? किती स्वच्छ मांडलंय पोरीनं. एक शब्द जास्त नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आणि मग ध्यानात आलं, हे माझ्याबद्दल चाललंय."

मेणबत्तीची वात तडतडली. नेवेनाला वाटलं, आता माफी मागावी. पण माफी मागण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं, आणि मागितली असती तर त्या बाकावरचं सगळं खोटं पडलं असतं. मग आभार मानावेत असं वाटलं, तर तेही तोंडातून बाहेर येईना. दोन्ही शब्द एकाच दारात अडकलेल्या माणसांसारखे.

"त्यात शेवटी होतं," ते म्हणाले, "की मी तुला दिवसभर कामाचं विचारत राहिलो, मुलीचं एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, छे, एवढं कसं होईल? विचारलं असणार मी. घरी येऊन तो दिवस पहिल्यापासून आठवून पाहिला. पुन्हा घडवून पाहिला. रोज पाहतो. कुठूनही सुरू केलं तरी दर वेळी तिथेच येतो. मी विचारतच नाही." त्यांनी पेला उचलला, परत ठेवला. "दोष पक्का आहे. हवा तेव्हा घडतो. आता दुरुस्त करायला जागाच नाही, एवढंच."

"बसा ना हो जरा," नेवेना म्हणाली.

"यजमान बसत नाही, पोरी."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बऱ्याच माणसांची; हसण्याचा आवाज आला, बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा आला. रादमिलाकाकू कढई हातात घेऊनच दारात आल्या. विदोयेंनी कोट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, आणि दरवाजाकडे तोंड करून उभे राहिले. पावलं दाराशी आली, जराशी रेंगाळली, आणि वरच्या मजल्यावर चढून गेली. वर कुणाचं तरी दार उघडलं, "सुखाची जावो, यजमान!" असा गलका झाला, आणि दार मिटलं.

विदोये दाराकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. काय विचारायचं होतं ते नेवेनाला शब्दन् शब्द ठाऊक होतं. त्यांनी ते गिळलं.

"विझवा आता," काकू हळूच म्हणाल्या. "मेण संपत आलं."

विदोयेंनी वाइनचा पेला घेतला, पुटपुटत प्रार्थना म्हटली आणि वाइनचे थेंब सोडून ज्योत विझवली. निळसर धूर सरळ वर गेला. ते पाठमोरे होते. खांदे एकदा हलले, मग पुन्हा, मग बराच वेळ हलत राहिले. काकू त्यांच्याजवळ गेल्या नाहीत, तिथेच कढई छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"धुरानं," विदोये रुमालानं डोळे टिपत म्हणाले. "दरवर्षी त्रास होतो मला या धुराचा." मग वळून लेन्काच्या ताटलीकडे बघत म्हणाले, "हे काय, अक्रोड नाही आवडत? सांगायचं होतंस. बिनअक्रोडाचाही आहे."

निघताना काकूंनी डबे भरून दिले, एवढे की दोन्ही हात पुरेनात. "पुढच्या आठवड्यात डबे आणून दे," विदोये म्हणाले, आणि लगेच, "नाही, सावकाश आण. तुला जमेल तेव्हा. नाही आणलेस तरी चालेल." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते दिसत होतं.

नेवेनानं मान हलवली.

जिन्यात दिवा पिवळा होता. दार त्यांच्यामागे नेहमीसारखं नुसतं लोटलेलं, फटीतून पांढऱ्या कापडाचा एक कोपरा दिसत होता, आणि सुटातले दोन पाय, अजूनही उभे. डबे पायरीवर ठेवून नेवेना लेन्काच्या टोपीचा बंद बांधायला वाकली. लेन्का मात्र तिच्या खांद्यावरून त्या फटीकडे बघत होती. बालवाडीत कुणी रडलं की बाई शेजारच्या मुलाला बोलावून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात. लेन्कानं तो अगदी त्याच सुरात, दोन्ही हात कमरेवर ठेवून, जिनाभर ऐकू जाईल असा विचारला.

"आई, तू त्या काकांना काय केलंस?"